सायकलच्या लगांवरील रेखांकन

जुन्या पोलादी सायकलीच्या चौकटीत नळ्या जेथे एकमेकींना मिळतात, तेथील जोडतुकड्यांच्या कडेकडेने हाताने ओढलेली बारीक रंगीत किंवा सोनेरी रेषा, तसेच ती ओढण्याचे कसब. या जोडतुकड्यांना ‘लग’ म्हणतात. सायकल-उद्योगात या कामाला ‘लायनिंग’ हा शब्द रूढ असून त्यात नळ्या, चिखलरोधक पत्रे (मडगार्ड), साखळीचे आवरण व चाकांच्या धावा यांवरील रेषांचाही समावेश होतो. त्यांपैकी लगाच्या कडेची रेषा सर्वांत अवघड समजली जाते, कारण ती सरळ नसून लगाच्या वळणांप्रमाणे वळत जाते आणि नळीच्या गोलाईवरून फिरून पुन्हा आरंभबिंदूशी मिळावी लागते.

लग हा आतून पोकळ असा आखूड तुकडा असतो. तो पोलाद ओतून किंवा पत्रा साच्यात दाबून बनवितात. नळीचे टोक त्याच्या तोंडात सरकवून सांधा तापवितात आणि वितळलेले पितळ नळी व लग यांमधील अरुंद फटीत शोषले जाऊ देतात. नेहमीच्या पुरुषी सायकलीच्या चौकटीत असे मुख्य सांधे चार : हँडलच्या उभ्या नळीच्या वरचा व खालचा, बैठकीखालचा आणि पायट्यांच्या आसाभोवतीचा. पुढच्या चिमट्याचा माथा हा पाचवा म्हणता येईल. पातळ भिंतीची नळी फार तापविली तर तिची ताकद कमी होते. पोलाद ज्या तापमानाला वितळते त्यापेक्षा पितळ पुष्कळच कमी तापमानाला वितळत असल्याने या पद्धतीत नळी सुरक्षित राहते, शिवाय लगामुळे सांध्यावरचा ताण मोठ्या क्षेत्रावर पसरतो. इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे १८८५ मध्ये जॉन केंप स्टार्ली यांनी ‘रोव्हर’ ही सुरक्षित सायकल बाजारात आणली. त्यानंतर थोड्याच वर्षांत चौकटीचा आकार स्थिरावला आणि लगांनी जोडलेली चौकट पुढे सु. शंभर वर्षे सायकलीचे प्रमाण रूप ठरली.

लगाची कड नळीवर एक स्पष्ट पायरी उमटविते. या पायरीवर रंग नीट बसत नाही. धारदार कडेवर तो पातळ होतो आणि कडेच्या पायथ्याशी साचून जाड होतो. कारखान्यात कड किती काळजीने कानशीने घासली आहे आणि पितळ सर्व बाजूंनी सारखे बाहेर आले आहे की नाही, हे याच जागी कळते. तेथे रेषा ओढल्याने दोन गोष्टी साधतात. कडेवरील बारीकसारीक उणेपणा झाकला जातो आणि कड मुळात चांगली असेल, तर तिची रेखीवता नजरेत भरते. वाईट कडेवर मात्र चांगली रेषा ओढताच येत नाही, कुंचला प्रत्येक उंचवट्यावर अडखळतो. म्हणून जाणकार मंडळी सायकल पाहताना रेषेकडे पाहतात ती केवळ शोभा म्हणून नव्हे. रेषेवरून सांध्याची पारख होते. वापरातील सायकलीतही हाच नियम लागू पडतो : चौकट थकली की पहिला तडा बहुधा लगाच्या कडेशी जातो आणि तेथील रंगात केसासारखी भेग किंवा गंजाचा ओघळ दिसू लागतो.

ही कला सायकलीबरोबर जन्मली नाही. तिचे मूळ दोन जुन्या व्यवसायांत आहे. घोडागाड्यांच्या रंगकामात चाकांच्या आऱ्यांवर व पेटीच्या कडांवर पातळ रेषा ओढण्याची प्रथा होती. दुसरा व्यवसाय ‘जपानिंग’ या नावाने ओळखला जाई. जपानी लाखकामाचे अनुकरण करण्यासाठी धातूच्या तबकांवर व डब्यांवर काळे रोगण देऊन ते भट्टीत पक्के करीत आणि त्यावर सोनेरी नक्षी काढीत. वुल्व्हरहॅम्प्टन व बिल्स्टन ही इंग्लंडमधील गावे या कामासाठी प्रसिद्ध होती. (आपल्याकडील सावंतवाडीच्या लाखकामाशी या कलेचे साम्य चटकन लक्षात येते. गंजिफांच्या कडेची वेलबुट्टी आणि तबकाच्या कडेची सोनेरी रेषा ही दोन्ही बारीक कुंचल्याची कामे होत.) वुल्व्हरहॅम्प्टन येथील जॉन मार्स्टन (१८३६–१९१८) हे मूळचे जपानिंगच्या धंद्यातील कारखानदार. त्यांनी १८८७ मध्ये ‘सनबीम’ सायकली बनविण्यास आरंभ केला. काळ्या चकचकीत रोगणावर खऱ्या सोन्याच्या वर्खाच्या रेषा ही सनबीमची ओळख ठरली. तबके रंगविणारे हात सायकली रंगवू लागले, असे या स्थित्यंतराचे वर्णन करता येईल.

काळा रंगच का, याचे उत्तरही या व्यवसायात सापडते. डांबरी खनिजद्रव्य, जवसाचे तेल व टर्पेंटाइन यांपासून केलेले काळे रोगण स्वस्त होते आणि भट्टीत सु. २००° से. पर्यंत तापविल्यावर अत्यंत कठीण व गंजरोधक होई. रंगाचा पर्याय म्हणून काळा निवडला गेला, असे क्वचितच घडले. तो रोगणाबरोबरच आला. या अंधाऱ्या पार्श्वभूमीवर पिवळ्या किंवा सोनेरी रेषेखेरीज दुसरे काही उठून दिसणे कठीण होते.

तंत्र : रेषा ओढण्याचा कुंचला चित्रकाराच्या कुंचल्याहून वेगळा असतो. त्याचे केस लांब, मऊ व मोजके असतात. खारीच्या किंवा सेबल नावाच्या प्राण्याच्या केसांना विशेष पसंती असे. लांब केसांत रंग पुष्कळ मावतो आणि एका दमात लांब रेषा निघते. आखूड केसांच्या कुंचल्याने ओढल्यास मध्येच रंग संपून जोड द्यावा लागतो व तो कायम दिसतो. रंग सायीपेक्षा पातळ व तेलापेक्षा दाट असावा लागतो. कारागीर कुंचला आधी एका तुकड्यावर पुढेमागे फिरवून त्यात रंग सारखा मुरवून घेतो. मग कुंचल्याचा केसाळ भाग जवळजवळ आडवा टेकवून तो स्वतःकडे ओढतो. रेषेची जाडी दाबावर अवलंबून असते. लगाच्या रेषेची जाडी सामान्यतः १ ते १·५ मिमी. असते. त्यामुळे दाबातील किंचित फरकही लगेच उघडा पडतो.

हाताला आधार कशाचा, हा खरा प्रश्न असतो. सरळ नळीवर करंगळी किंवा अनामिका नळीच्या बाजूने टेकवून तिला वाटाड्या करता येते. लगाच्या बाबतीत बोटाचे टोक पायरीवर टेकवितात आणि ती पायरीच बोटाला दिशा देते. याच कारणासाठी कड स्पष्ट घासलेली असावी लागते. लगाला जेथे टोक असते तेथे कुंचला उचलून पुन्हा टेकवितात. दोन्ही बाजूंनी आलेल्या रेषा टोकाशी मिळताना तेथे रंगाचा थेंब साचू न देणे यात कारागिराचे कौशल्य दिसते. सायकलीची चौकट खुंटीवर किंवा फिरत्या आधारावर बसविलेली असल्यास डाव्या हाताने ती हळूहळू फिरवून उजवा हात जवळपास स्थिर ठेवता येतो. चुकलेली रेषा ताजी असतानाच टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसता येते. खालचे रोगण भट्टीत पक्के झालेले असल्याने त्याला इजा होत नाही. या सोयीमुळेच शिकाऊ कारागिराला प्रत्यक्ष चौकटीवर हात बसविणे शक्य होई.

सोन्याच्या वर्खाचे काम आणखी वेगळे. त्यात आधी चिकट तेलाची रेषा ओढतात, ती अर्धवट सुकून बोटाला जेमतेम चिकटू लागली की वर्ख टेकवितात आणि मऊ कुंचल्याने जादा वर्ख झाडून टाकतात. वरून रोगणाचा पारदर्शक थर देतात. वर्ख महाग व काम वेळखाऊ असल्याने बहुतेक कारखान्यांनी ब्राँझची पूड मिसळलेला रंग किंवा साधा पिवळा रंग पत्करला. वर्षानुवर्षांनंतर हा फरक ओळखता येतो. सोने काळे पडत नाही, ब्राँझची पूड हवेमुळे तपकिरी वा हिरवट होते आणि पिवळा रंग फिका पडला तरी आपली छटा सोडत नाही. रेषांचे तयार छाप कागदावरून उतरविण्याची पद्धतही जुनीच आहे. कारखान्याचे नाव व मुद्रा तर नेहमी छापानेच उमटवीत. छापाची रेषा सर्वत्र सारख्या जाडीची असते व तिच्या कडा भिंगाखाली तुटक दिसतात. हाताच्या रेषेत आरंभी किंचित जाडी व शेवटी निमुळतेपणा आढळतो.

साध्या लगाची कड सरळ कापलेली असते आणि तिला एकच रेषा पुरते. स्पर्धेच्या व हौशी प्रवासाच्या हलक्या सायकलींत मात्र लगांनाच नक्षीचे रूप आले. लंडनमधील ‘हेचिन्स’ या कारखान्याच्या वेलीसारखी वळणे घेणाऱ्या लगांनी या प्रकाराचा कळस गाठला. फ्रान्समधील ‘नेर्व्हेक्स’ या नावाचे दाबीव पत्र्याचे नक्षीदार लग दुसऱ्या महायुद्धानंतर अनेक देशांतील चौकट बांधणाऱ्यांनी वापरले. इटलीतील कारागीर लगात कोरलेल्या छिद्रांत निराळा रंग भरीत. अशा चौकटींवर एका लगाची रेषा पुरी करण्यास अंगठीवर मीनाकाम करण्याइतका संयम लागतो. तरीही सुंदर लगाची प्रशंसा होते आणि तो उठावदार करणाऱ्या रेषेचा कर्ता अनाम राहतो, ही गोष्ट खटकल्यावाचून राहत नाही. चौकट बांधणाऱ्यांची नावे ग्रंथांतून आढळतात, रेषा ओढणाऱ्यांची जवळजवळ नाहीत.

भारतातील प्रवास : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतात सायकली येऊ लागल्या, त्या मुख्यतः इंग्लंडमधून. रॅले, हंबर, रज-व्हिटवर्थ, बी. एस. ए., हर्क्युलीस, फिलिप्स ही नावे मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गीय घरांत परिचयाची झाली. घरात आलेली सायकल म्हणजे मोठी मिळकत होती आणि तिच्यावरील सोनेरी रेषा तिच्या विलायतीपणाची खूण समजली जाई. रॅलेच्या दातेरी चक्रात बगळ्याचे मुख, हंबरच्या चक्रात धावत्या माणसांच्या आकृती, रज-व्हिटवर्थच्या चक्रात हाताचा पंजा अशा खुणा कोरलेल्या असत. या खुणा टिकल्या, कारण त्या पोलादात होत्या. रेषा रंगात होत्या.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये सायकलींवरील चकाकी व शोभा कमी करण्यात आली. क्रोमियमच्या मुलाम्याऐवजी काळा रंग आला आणि अनेक सायकली रेषांविना बाहेर पडल्या. आयातही आटली. याच सुमारास मुंबईत वरळी येथे हिंद सायकल्स या कारखान्याने देशी सायकली बनविण्यास आरंभ केला. स्वातंत्र्यानंतर मद्रासजवळ अंबत्तूर येथे टी. आय. सायकल्स (१९४९), सोनीपत येथे ॲटलास (१९५१), आसनसोल येथे सेन-रॅले (१९५२) व लुधियाना येथे हीरो (१९५६) हे कारखाने उभे राहिले. यांपैकी काहींचा विलायती कारखान्यांशी सहयोग होता. त्यामुळे यंत्रे व आराखड्यांबरोबर रंगकामाचे संकेतही आले. भारतीय ‘रोडस्टर’, म्हणजे २८ इंची चाकांची, लोखंडी कांड्यांच्या ब्रेकची काळी सायकल, ही विसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंग्लिश सायकलीची जवळपास प्रतिकृतीच होती. इंग्लंडमध्ये हा नमुना मागे पडला तरी भारतात तो चालू राहिला आणि त्याबरोबर लगांची चौकटही टिकली. या सायकलींचे लग साधे, सरळ कडेचे असल्याने रेषा बहुधा नळ्यांवर व मडगार्डांवर असत. लगाच्या कडेची रेषा मुख्यतः महाग किंवा आयात सायकलींवर आढळते. हा भेद ध्यानात न घेता प्रत्येक जुन्या सायकलीच्या लगाला सोनेरी कड देण्याची अलीकडची हौस इतिहासाला धरून नाही.

पुणे शहर एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. विद्यार्थी, कारकून, प्राध्यापक व कामगार या सर्वांचे ते वाहन होते. तासाच्या भाड्याने सायकल देणारी दुकाने पेठापेठांतून होती, सायकलीवर नगरपालिकेचा कर असे आणि तो भरल्याची खूण म्हणून धातूचा बिल्ला लावावा लागे. पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी हा पट्टा कारखान्यांनी भरून गेला. पाळी सुटताना फाटकाबाहेर पडणारा सायकलींचा लोंढा हे या पट्ट्याचे त्या काळातील नित्याचे दृश्य होते. माण-हिंजवडीकडील मुळशी तालुक्याचा भाग तेव्हा शेतीचा होता.

अशा रोजच्या वापरात कारखान्याचा रंग फार वर्षे टिकत नसे. दांडीवर बसणाऱ्यांच्या व बांधलेल्या ओझ्याच्या घर्षणाने नळीवरील रेषा आधी जात. मग सायकल रंगाला टाकली जाई. येथे रेखांकनाचे एक देशी रूप दिसते. दुकानांच्या पाट्या रंगविणारा पेंटरच साखळीच्या आवरणावर मालकाचे नाव लिही, मडगार्डच्या टोकाशी एखादे फूल काढी आणि नळीवर पिवळी वा पांढरी रेषा ओढी. त्याचा रंग भट्टीचा नसून हवेवर सुकणारा असे, त्यामुळे चुकलेली रेषा पुसण्याची मुभा त्याला फारशी नसे. ताज्या रंगावर टर्पेंटाइन फिरविले तर खालचा थरही निघून येई. अक्षरे वळविण्याची सवय असलेल्या या हाताची रेषा कारखान्याच्या रेषेहून अधिक जाड व मोकळी असते. तिला अस्सल न मानण्याकडे संग्राहकांचा कल आहे. हा दृष्टिकोन एकांगी आहे. पुण्यातील किंवा पिंपरीतील सायकलीने ज्या अवस्थेत आपले बहुतेक आयुष्य काढले, ती अवस्था हीच होय. खंडेनवमीला झेंडूच्या माळा घालून पूजा झाली, तीही बहुधा अशाच रेषांची.

ऱ्हास : रेखांकनाचा ऱ्हास अनेक कारणांनी झाला आणि त्यांतील प्रमुख कारण आर्थिक होते. एका चौकटीवरील रेषांना लागणारा वेळ यंत्राने कमी करता येत नव्हता. मजुरीचे दर वाढले तसे युरोपात हे काम छापांकडे गेले. पुढे लगच नाहीसे झाले. विजेच्या ठिणगीने नळ्या थेट जोडण्याची पद्धत सुधारली आणि ॲल्युमिनियमच्या चौकटी आल्या. कड उरली नाही, तेव्हा कडेची रेषाही उरली नाही. पावडरच्या रूपातील रंग विजेच्या भाराने चिकटवून भट्टीत वितळविण्याची पद्धत सर्वत्र पसरली. हा थर जुन्या रोगणाच्या तुलनेने जाड असल्याने लगाची धार बोथट करतो.

पिंपरी-चिंचवड पट्ट्यात या बदलाला आणखी एक पदर आहे. येथील कामगार सायकलीवरून ज्या कारखान्यांत जात, तेथेच सायकलीची जागा घेणारी वाहने तयार होत होती. आकुर्डीच्या बजाज कारखान्यातील स्कूटरचे अंग दाबीव पत्र्याचे होते, त्यात नळ्यांचे सांधे नव्हते. १९७२ मध्ये अहमदनगर येथील कायनेटिकच्या कारखान्यातून बाहेर पडलेली ‘लुना’ ही तर पायटे असलेली, म्हणजे सायकलीची थेट वारसदार होती. सायकलीवरून लुनावर आणि लुनावरून स्कूटरवर ही चढण पुण्यातील असंख्य कुटुंबांनी चढली. सायकल-उद्योगातील जुने कारखानेही अडचणीत आले. हिंद सायकल्स व सेन-रॅले यांचे १९८० च्या कायद्याने राष्ट्रीयीकरण झाले, पण कालांतराने दोन्ही ठिकाणचे उत्पादन बंद पडले. ॲटलासच्या साहिबाबाद येथील कारखान्याचे काम जून २०२० मध्ये थांबले.

ही विद्या पूर्णपणे नष्ट झाली नाही, तिने वाहन बदलले. इंग्लंडमधील रेडिच येथील एनफील्ड सायकल कंपनी सायकलींपासून मोटारसायकलींकडे वळली आणि १९५५ मध्ये मद्रास येथे एनफील्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली. तिच्या ‘बुलेट’ मोटारसायकलीच्या इंधनाच्या टाकीवरील सोनेरी रेषा तिरुवोट्टियूर येथे हाताने ओढण्याची परंपरा दीर्घकाळ चालली. लांब केसांचा कुंचला, करंगळीचा आधार, टाकी फिरविण्याची रीत हे सारे तेच. इंग्लंडमध्ये रोल्स-रॉईस मोटारींच्या बाजूची रेषाही अद्याप हातानेच ओढली जाते. तेथे ती श्रीमंतीची खूण आहे. सायकलीवर मात्र तीच रेषा कामगाराच्या वाट्यालाही येत होती.

जतन : जुन्या सायकली जमविण्याची आवड महाराष्ट्रात गेल्या काही दशकांत वाढली आहे. पुण्यातील कर्वेनगर भागात विक्रम पेंडसे यांनी उभारलेल्या संग्रहालयात देशी-विदेशी जुन्या सायकली एकत्र पाहावयास मिळतात. आवड वाढली तसा एक धोकाही वाढला. सायकल ‘नवी’ करण्यासाठी चौकट वाळूच्या माऱ्याने घासून पावडर रंग दिला जातो. काही मिनिटांत जुने रोगण, छाप व रेषा नाहीशा होतात आणि सायकल कोणत्या काळातील, कोणत्या दर्जाची, मागाहून रंगविलेली आहे काय, यांविषयीचा पुरावाही त्यांबरोबर जातो. लोखंड गंजून छिद्रे पडली असतील, तरच ही उपाययोजना क्षम्य मानता येईल.

त्याऐवजी आधी सौम्य साबणाच्या पाण्याने मळ काढून चौकट तिरप्या प्रकाशात तपासावी. रेषेचा रंग उडून गेला असला, तरी तिच्याखालील रोगण ऊन-पावसापासून झाकलेले राहिलेले असते. त्यामुळे तेथे चकाकीचा निराळा पट्टा दिसतो. हे ठसे लगाच्या मागील बाजूस, चिमट्याच्या आतील अंगास व साखळीच्या आवरणाखाली अधिक स्पष्ट असतात. पारदर्शक कागद ठेवून त्यांचा आराखडा उतरवून घ्यावा, रेषेची जाडी व कडेपासूनचे अंतर मोजून नोंदवावे आणि मोजपट्टीसह छायाचित्रे काढावीत. चौकट रंगवावीच लागली, तर बैठकीखालच्या लगावरील एखादा इंचभर भाग मूळ स्थितीत राखून ठेवण्याची पद्धत चांगली आहे. बैठकीमुळे तो भाग दिसत नाही, आणि पुढे कोणी शोध घेतला तर सोने, ब्राँझ की पिवळा रंग, हे त्याला तेथे पडताळून पाहता येते.